पिशवी धरून माप

ताई,

आतडं फुटलं, तातडीनं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आले तेव्हा पोटावर शौचाची पिशवी होती. तू पटकन चादर ओढलीस नि म्हणालीस, "आता ढगळ गाऊनच घालत जा गं, लोक बघतात." जगाचे कपडे अंगाबरोबर शिवणारी मी, तेव्हापासून तंबूत वावरले.

काल तुझ्या लेकीच्या लग्नासाठी स्वतःचा ड्रेस बेतायला घेतला. टेलरनं आपलं माप आपण घेऊ नये, टेप हमखास सरकते. म्हणून नवऱ्याला हाक मारली. कमरेशी त्याचा हात थबकला. "पिशवी धरून घेऊ की सोडून?"

हाच प्रश्न मी इतके दिवस टाळत होते. म्हटलं, "धरून. आता ती माझ्याच मापात आहे."

आतून एक खिसा लावला, वरून दोन चुण्या जास्त घातल्या. आरशासमोर गिरकी घेतली तर नवरा म्हणतो, "अगं, नवरीकडेही बघू दे लोकांना!"

हे पत्र टाकत नाही. मीच येतेय, लालभडक ड्रेस घालून. दारात चादर घेऊन उभी राहिलीस, तर तिचा तुलाच ढगळ गाऊन शिवून देईन.

तुझी धाकटी