आमच्या गावात नारळ नाही

बाई, उद्या दहावीचा मराठीचा पेपर आहे. दुपारपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे, जसा काही पेपर मलाच द्यायचा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी निबंधाचं काही अडलं की तुम्हीच आठवता. तुमच्यासारखीच मीही मराठी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. मी शिक्षिका होण्याआधीच तुम्ही गेलात.

सातवीत मी 'माझे गाव' हा निबंध बोरी अरबच्या बाजारातून आणलेल्या गाईडातून जसाच्या तसा उतरवला होता. माझं गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं होतं, भोवती भाताची हिरवीगार शेतं होती आणि कौलांवर नारळाची झाडं झुकली होती. तुम्ही तो वर्गात मोठ्यानं वाचलात, वही मिटलीत आणि म्हणालात, "चाल, दाखव मले नारळाचं झाड." सगळा वर्ग उन्हात बाहेर. पुढे मी, मागे तुम्ही, आणि त्यामागे खिदळणारी पोरं. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, तिथून मारुतीच्या पारापर्यंत. कडुनिंब दिसले, बाभळी दिसल्या, आणि गावाबाहेर नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी, आपली कपाशी. पारापाशी कुणीतरी फोडलेल्या नारळाची करवंटी पडली होती. तीच उचलून मी रडत रडत तुमच्यापुढे धरली. तुम्ही इतक्या हसलात की डोक्यावरचा पदर खाली आला. "पोरी, आपल्या गावात नारळ येते तो फुटाले येते. पऱ्हाटी काहून नाही लिहिली? तिनं काय घोडं मारलं तुयं?" मला तुमचा भयंकर राग आला होता. दोन दिवस मी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग तुम्हीच संध्याकाळी खोलीवर बोलावू लागलात. तुम्ही ज्वारीच्या भाकरी थापताय, स्टो फरफरतोय, आणि मी कोपऱ्यात बसून निबंध वाचतेय. पहिलं वाक्य झालं की पिठाचा हात वर. "ते खोड. पहिलं वाक्य नेहमी दुसऱ्याचंच असते. आपलं दुसऱ्यापासून सुरू होते." वाचताना मला धाप लागली की तुम्ही तव्यावरून नजर न काढता म्हणायचात, "मोड, तिथं वाक्य मोड." शेवटी मी देशाची प्रगती आणायची, तीही तुम्हाला खपायची नाही. "बोलणं झालं की उठावं. दारात उभं राहून उपदेश कायले?" एकदा मी लिहिलं होतं की वेचणीहून आलेल्या आईची बोटं बोंडांच्या टोकांनी सोललेली असतात, म्हणून ती मीठ चमच्यानं घेते. तुम्ही तव्यावरची पहिली भाकर उचलून माझ्या हातात दिलीत. नंतर मला शाली मिळाल्या, श्रीफळंही मिळाली, पण त्या भाकरीची सर कशालाच आली नाही.

हेच सगळं मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले. बहुतेकांच्या ते डोक्यावरून जातं, ते गाईड पाठ करतात आणि बरे गुण घेतात. या वर्षी मात्र एक मुलगी भेटली. कमी बोलणारी, मागच्या बाकावर बसणारी. सराव परीक्षेत 'माझे गाव' आला आणि तिनं गुलाबी अळीवर लिहिलं. बाबांनी पहिलं हिरवं बोंड फोडलं, आत अळी. दुसरं फोडलं, आत अळी. तिसरं हातात घेतलं आणि न फोडताच टाकून दिलं. तरी वेचणीआधी आईनं दरवर्षीसारखं शेतात सीतादहीची पूजा केली, धुऱ्याशी, म्हणजे बांधाजवळ भात ठेवला, कपाशीच्या ओळींमधल्या तासातून दही शिंपडलं. बाबा म्हणाले, "अळीले जेवू घालून राह्यली का?" आई म्हणाली, "तिनंच खाल्लं ना यंदा सारं, मंग तिलेच वाढतो." तिथे निबंध संपला होता. तिनं उपदेश केला नव्हता. बाई, मी तो उभ्यानंच वाचला. तुम्ही असता तर तिला अख्खी टोपली दिली असती.

पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले होते. आठपैकी तीन गुण आले, आणि खाली लाल शाईत शेरा: अलंकारिक भाषा नाही, निसर्गवर्णन करावे, बोलीभाषा टाळावी. त्याच आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "मॅडम, यवतमाळच्या होस्टेलात नंबर लागला तं शिकवतो. नाही तं लगनसराईत उजवून टाकतो. माह्याच्यानं दुसरं काही होत नाही आता." ते भांडायला आले नव्हते. त्यांनी फक्त सांगितलं आणि निघून गेले.

तिनं तो पेपर माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, मंग नारळ लिहू का?" तुमची करवंटीची गोष्ट मी वर्गाला दरवर्षी सांगते, तिलाही ती पाठ होती. मी तो लाल शेरा पुन्हा वाचला. लगनसराई डोळ्यांपुढे आली. मी म्हटलं, "लिही." तिनं मान हलवली. जाता जाता दारातून वळून तिनं विचारलं, "नारळाचं झाड दिसते कसं, मॅडम? पाह्यल्याबिगर कसं लिहू?"

यवतमाळला एका बंगल्याच्या आवारात एक नारळ उभा आहे, त्याला कधी फळ धरत नाही. तेवढाच मी जवळून पाहिला आहे. मी म्हटलं, "उंच असते. पानं सारी वर. खाली सावली पडत नाही." तिनं ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं.

काल ती गाईडातला तो नारळाचा उतारा पाठ करून आली. विषय कोणताही आला तरी कुठे चिकटवायचा, तेही मीच शिकवलं. निसर्गाच्या कुशीपासून झुकलेल्या नारळांपर्यंत एकही शब्द अडखळला नाही, आवाज मात्र बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा सपाट. मी "छान" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? गुण कमी पडले तर तिचं काय होईल, ते तिच्या बापानं मला सांगून ठेवलं आहे. गुण मिळाले तर ती पुढे शिकेल, आणि असा निबंध पुन्हा कधी लिहिणार नाही. दोन्हीकडून मला काही चांगलं दिसत नाही, बाई.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. या पत्राचं पहिलं वाक्यही मी खोडलेलं नाही, कारण पेपर खरोखरच उद्या आहे. सकाळी मी तिला फाटकापाशी गाठीन, पेन तपासीन आणि उतारा पाठ आहे ना, विचारीन. आणि मनातून मला वाटत राहील, की आत बसल्यावर तिनं नारळ विसरावा.