चौदाव्या शॉटची टाळी

प्रिय पिपाणी,

पाकीट जाड लागलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, आत भेट वगैरे काही नाही. एक पेनड्राइव्ह आहे आणि पत्र वाचून संपल्याशिवाय तो लावायचा नाही. मी तुझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी आहे, तेव्हा एवढा हुकूम सोडायचा मला हक्क आहे. फोनवर बोलले असते तर तू मधेच हसली असतीस, मग मीही हसले असते आणि विषय तिथंच मिटला असता. दोन वर्षं आपण तेच करत आलोय.

माझं ठीक चाललंय. मी अजून कारखान्यांचे सुरक्षेचे व्हिडिओच एडिट करते. परवा अख्खा दिवस एक माणूस हेल्मेट घालतो, काढतो, परत घालतो, एवढंच बघत होते. मावशीचा फोन दर रविवारी येतो. ती माझं जेवण विचारते, झोप विचारते आणि तिसऱ्या वाक्याला तिची पोर, म्हणजे तू, येतेस. पिपाणीला चष्म्याच्या दुकानात किती मान आहे, म्हातारी गिऱ्हाईकं हिच्याशिवाय कुणाकडून नंबर तपासून घेत नाहीत, मालक हिलाच चावी देऊन जातात. मी नुसतं हं हं करते. मनात मोजतेही. मागच्या रविवारी एकोणीस मिनिटांत तुझं नाव अकरा वेळा आलं. हसू नकोस, हे पत्र याच दुखण्याबद्दल आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आपण स्पर्धेसाठी केलेला तो गाण्याचा व्हिडिओ. तुला सगळं माहीत आहे, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय जमणार नाही. नियम दोनच होते. गाणं स्वतः रचलेलं हवं, आणि निदान एका शॉटमध्ये गाणारीने तिथल्या तिथं गायला हवं, नंतर नुसते ओठ हलवलेले चालणार नाहीत. ज्या गटाचा पहिला नंबर येईल त्यातल्या गाणारीला स्टुडिओत महिनाभर शिकायला मिळणार होतं. तू तर निकालाच्या आधीच बॅग काढून पुसून ठेवली होतीस. गाणं तुझं, आवाज तुझा, चेहरा तुझा. कॅमेरा म्हणजे ट्रायपॉडचा फोन. वर्गातल्या त्या काटकुळ्या पोराला ट्रायपॉड हे नाव तूच ठेवलंस. आणि उरलेलं सगळं, म्हणजे जे कुणाला दिसत नाही ते, माझं.

तुझं ते जिन्याचं गाणं मी आपल्याच इमारतीच्या जिन्यावर बावीस शॉटमध्ये बसवलं. ऑनलाइन शीट केली, कुठला शॉट कुठल्या मजल्यावर, किती वाजता, ऊन कुठून येईल, काय सामान लागेल, सगळे रकाने. टॅबवर प्रत्येक शॉटचं चित्र काढलं. तू म्हणालीस, अगं सगळ्या बायका काडेपेटीतल्या काड्या, आणि मला नाक का नाही? मग सामानाच्या रकान्यात तू लिहिलंस, ‘धीर, एक किलो.’ आणि सरांनी माझे बावीस शॉट, माझे रकाने, माझं ऊन, सगळं बाजूला ठेवून वर्गात काय वाचून दाखवलं? तुझा एक किलो धीर. सगळा वर्ग खो खो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मीही हसले, कारण न हसून सांगते कुणाला.

शूटिंगला मात्र मजा आली, ते नाकारत नाही. फोनवर चित्र, रेकॉर्डरवर आवाज, आणि दोन्ही नंतर लॅपटॉपवर जुळवायचे. आपल्याकडे सिनेमावाले आपटतात ती पाटी नव्हती, म्हणून प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला तू एक टाळी वाजवायचीस. चित्रात हात भेटले आणि आवाजात ठप्प झालं, की दोन्ही बरोबर एकावर एक बसवता यायचं. एका हाताने टाळी वाजत नाही, असं ट्रायपॉड दर वेळी म्हणायचा. दिवसभरात तेवढंच बोलायचा.

चौदावा शॉट तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर होता, जिथं आवाज घुमतो. तोच आपला खराखुरा गायचा शॉट. रेकॉर्डर कुंडीमागे लपवला होता. तू सुरू करणार तेवढ्यात मावशी बाजारातून आली आणि खालच्या पायरीवर थबकली. पिशवी चुरचुरू नये म्हणून तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. तू तिच्याकडे बघितलंस, टाळी वाजवायची विसरलीस आणि तशीच गायला लागलीस. काय गायलीस! मला त्याही वेळी कळत होतं. मावशी पूर्ण गाणं होईपर्यंत हलली नाही. मी हातात यादी घेऊन तिच्या शेजारीच उभी होते. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

आता खरं सांगते. ट्रायपॉड तुझ्यामागे होता म्हणून मी फुरंगटलेय, असं तुला तेव्हा वाटलं होतं. तो काटकुळा तुलाच लखलाभ. माझा जीव दुसरीकडेच अडकला होता. अकराव्या वर्षी आईने मला तुमच्या दारात सोडलं, सहा महिन्यांच्या नोकरीवर जाऊन येते म्हणाली, आणि ती अजून यायची आहे. तेव्हापासून मावशीने आपल्याला एकसारखे कपडे घेतले, एकसारखं वाढलं, रागावलीसुद्धा एकसारखीच. उलट माझ्या ताटात कांकणभर जास्तच पडायचं. ते जास्तच मला खुपायचं. तुला ती हात राखून वाढायची, कारण तुझ्यापुढे तिला काही सिद्ध करायचं नव्हतं.

व्हिडिओ द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी चौदावा शॉट जुळवत होते. टाळी नव्हती, तरी जुळवला. तुझ्या ओठांवर डोळे लावून, एकेक अक्षर धरून, तीन तास. पावणेपाचला तो असा बसला की केसाचंही अंतर राहिलं नाही. तेवढ्यात मावशी हात पुसत आत आली. तिला लावून दाखवला. बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, हा माझ्या आईचा आवाज आहे गं, माझ्या पोरीत उतरलाय. आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, तू पण किती छान चिकटवतेस.

चिकटवतेस! तिला एडिटिंग हा शब्द यायचा नाही, तिच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. पण तिची आई म्हणजे माझीसुद्धा आजीच ना? तिचा आवाज तुझ्या वाट्याला, आणि माझ्या वाट्याला डिंक. मावशी स्वयंपाकघरात गेली. मी चौदाव्या शॉटचा आवाज निवडला आणि उजवीकडचा बाण चार वेळा दाबला. चार फ्रेम. एका सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा आवाज मागे सरकला. आकड्यात काहीच नाही. डोळ्यांना मात्र लगेच कळतं की ओठ एकीचे आणि गळा दुसरीचा. सव्वापाचला मी फाइल सेव्ह केली आणि मावशीने केलेला चहा प्यायले. कुंपणानेच शेत खाल्लं, पिपाणी.

हॉलमध्ये काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मागच्या बाकांवरून पहिलं हसू आलं. परीक्षक बाईंनी व्हिडिओ थांबवून सगळ्यांसमोर विचारलं, आवाज कुणाचा घेतलाय? तू म्हणालीस, माझाच. त्या म्हणाल्या, मग इथं गाऊन दाखव. तू उभी राहिलीस, तोंड उघडलंस आणि गळ्यातून काही येईना. मी चार पावलांवर लॅपटॉपपाशी होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. मी खाली वाकून वायर गुंडाळत राहिले.

आणि घरी आल्यावर तूच माझी समजूत काढलीस! मीच टाळी विसरले, त्याला तू काय करणार, टाळीशिवाय कुणालाही जुळलं नसतं, म्हणालीस. मावशीनेही मान हलवली. दुपारी तिने तो शॉट जुळलेला पाहिला होता, पण अशा गोष्टींतलं आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटलं असणार. तेव्हापासून दोन वर्षं तू हा किस्सा विनोद म्हणून सांगतेस. एक टाळी विसरले आणि गाणं गेलं. लोक हसतात. घरी गेलीस तरी बाथरूममध्येसुद्धा तू गात नाहीस, हे मात्र मावशी सोडून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तिने ते मला सांगितलं, तुला नाही.

मागच्या आठवड्यात ट्रायपॉडचा फोन आला. तो आता लहान मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करणाऱ्या स्टुडिओत आहे. गोष्टींमधल्या गाण्यांसाठी त्याने तुला विचारलं, आणि तू त्याला एका ओळीत कळवलंस, माझा आवाज माझ्या तोंडाला शोभत नाही, दुसरी कुणीतरी बघ. ते वाक्य तुझं नाही. ते मी बाण दाबून तुझ्या तोंडात घातलंय. तो शुक्रवारपर्यंत दुसऱ्या कुणाला घेणार नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. कारण मात्र त्याला सांगितलं नाही, ते आधी तुला कळायला हवं होतं.

पेनड्राइव्हवर दोन फाइली आहेत, एक पावणेपाचची आणि एक सव्वापाचची. पावणेपाचची आधी बघ. आवाज मोठा ठेव. ती तू आहेस, दुसरं कुणी नाही, आणि तुझी काहीच चूक नव्हती. मग रविवारी घरी जाशील तेव्हा हे पत्र मावशीला वाचून दाखव. मी तिला तीनदा फोनवर सांगायला सुरुवात केली आणि तीनदा नळाला पाणी आलं का एवढंच विचारून फोन ठेवून दिला. त्यानंतर तिचा मला फोन येईल की नाही, माहीत नाही. नाही आला तर ते मी भोगीन. आणि तू गायलीस तर ती परत डोळे पुसेल, परत माझी पोर म्हणेल, आणि माझ्या पोटात परत दुखेल, हेही आताच सांगून ठेवते. मी सुधारलेले नाही, मला अजून तुझा हेवा वाटतो. तरी ट्रायपॉडला हो म्हण. शुक्रवारच्या आत म्हण.

तुझीच,
खडूस