विहिरीचंच पाणी

माय,

आज तुरीची डाळ भलतीच लवकर शिजली आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. नव्या घरात आले की मी पहिली डाळ चढवते. ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी गोड, हे तुझं माप. सारा जन्म पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेला, तरी हात आधी डाळीकडेच जातो. शिजली की बरं वाटायला हवं ना? मला धस्स होतं.

पन्नासच्या दशकातला तो वैशाख. ब्रह्मपुरीच्या अलीकडचं आपलं गाव, आणि पटकीची साथ. सरकारी माणूस विहिरीत लाल दवा टाकून गेला, पाणी जांभळं झालं. बाया नाकं मुरडत बोडीवर निघाल्या, त्या लहानशा तळ्यावर, जिथे म्हशी डुंबायच्या आणि अंबाडी कुजत पडायची. तू एकटी ठाम. "रंग आला तं येऊ दे, विहिरीचंच आण. बोडीले हात लावशीन तं पाय मोडीन!" मी दहा वर्षांची. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, दोरानं हाताला फोड आलेले, आणि बोडी घरामागेच. मी पाण्याचा पितळी गुंड बोडीत बुडवला. लुगड्याच्या घडीतून गाळलं, माठाला आतून तुझीच निवळीची बी घासली. थोड्या वेळानं पाणी कसं नितळ झालं! दवेचा रंग निवळीनंच खाली बसला, असं तुला वाटणार होतं. मला माझंच कौतुक वाटलं.

विहिरीच्या जड पाण्यात दुपारपर्यंत दाताखाली येणारी डाळ त्या दिवशी मेणासारखी मऊ. "विहिरीचंच ना वं?" तू विचारलंस. मी मान हलवली. "मंग दवाईनंच पाणी हलकं झालं वाटते," म्हणत तू माझ्या धाकट्या भावाला वरून गडवाभर पाणी पाजलंस.

दोन दिवसांत तो गेला. डोळे खोल गेलेले, सारखा पाणी मागत होता, आणि तू त्याच माठातलं देत होतीस. मी दाराशी उभी. 

तू लाल दवेला दोष दिलास. पुढल्या उन्हाळ्यात तो माणूस आला, तेव्हा विहिरीच्या काठावर आडवी बसलीस. "माह्या लेकराले खाल्लं तुह्या दवाईनं. नाई टाकू देत." तो तसाच परत गेला. मी तुझा पदर धरून उभी होते.

पुढे शिकले, तेव्हा कळलं. डाळ शिजली म्हणजे पाण्यात क्षार कमी, बस्स. जंतूंचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यांच्यासाठी दुधातल्या साखरेचं द्रावण भरलेल्या काचेच्या नळ्यांत नमुना घालून दोन दिवस उबेत ठेवायचा. बुडबुडा धरला की पाण्यात घाण असल्याचा संशय. पण सगळ्यात आधी बाटलीवर चिठ्ठी हवी, पाणी कुठचं. चुकीची चिठ्ठी लावणाऱ्यांवर मी काय खेकसायचे! "खोटं लिहू नका, जीव जातो कोणाचा." घ्या! सांगणारी कोण, तर मी.

तुला वाचता येत नव्हतं, आता तर तूच नाहीस, आणि वाचून दाखवणारे बाबाही गेले. हे कागद कपाटातच राहतील. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालते, की त्याला उलट्या सुरू झाल्यावर तू पुन्हा एकदा विचारलं असतंस, तर मी खरं सांगितलं असतं. माय, तू विचारलं होतंस. त्याचं डोकं मांडीवर घेऊन, "खरं सांग, पाणी कुठचं होतं?"

मी म्हणाले, "विहिरीचंच."