सरजाच्या खाटेखालची बरणी

अमरावती, मंगळवार, ४ मार्च १९४१

इस्पितळातल्या सरजाच्या खाटेखाली लोणच्याची बरणी सापडली, म्हणून आज लिहिणं भाग आहे. आठवा महिना, पायांवर सूज, रक्तदाब चढलेला, मीठ बंद. आणि खाटेखाली बरणी! झटके आले तर दोन जीव जातील, हे तिच्या सासूला कितीदा सांगायचं?

चांदूर बाजारची ही भाजीवाली सासू उलट मलाच म्हणाली, "डोहाळे मारू नये, डाक्टरीनबाई. दाब चढते काहून, ते सांगा."

सांगितलं. निरोगी गरोदरपणात ग्रंथींच्या स्रावांनी रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब थोडा उतरतो. सरजाचं उलट चाललंय. का, ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही.

"म्हंजे तुमाले बी मालूम नाही, मले बी नाही. मंग खाऊ द्या तिले."

तीस वर्षांच्या डॉक्टरकीत असा सल्ला मला कोणी दिला नव्हता. चिडून रक्तदाबाचा पट्टा सासूच्याच दंडाला बांधला. पारा सुनेच्याही वर.

"मी तं गरवार नाही," ती हळूच म्हणाली.

सरजा पदरात तोंड लपवून हसली, सासूला म्हणाली, "आता दोघीबी अळणी खाऊ, मामी."

सासूने बरणी माझ्या हाती दिली. माझ्या खोलीत आल्यावर मी एक फोड चाखली. मग दुसरी. मग, का कोण जाणे, पट्टा स्वतःला बांधून पाहिला. आकडा इथे लिहीत नाही.

बरणी एक, तोंडावरच्या फडक्यासह, दोन फोडी कमी, नर्सबाईंच्या ताब्यात दिली. मी मागितली तरी द्यायची नाही, असं बजावून.