टाळांना बांधलेलं फडकं

शेवंता, हातातली पिशवी ठेव अन् घटकाभर बसून ही चिठ्ठी वाच वं. बुवा कीर्तनात सांगतात तशी एक गोष्ट सांगतो. फक्त हिच्यात देव कुठं आला, ते मला अजून सापडलं नाही.

आज माझ्या डोकेदुखीच्या पेन्शनसाठी मेडिकल बोर्डापुढं साक्ष होती. तुझा भाऊ तुळशीराम फौजेत माझ्याच तोफेवर होता. तोफ सुटली की मी डोकं धरून बसायचो, हे त्यानं डोळ्यानं पाहिलेलं. म्हणून त्यालाच नेलं. साहेबांनी विचारलं, तर हसत म्हणाला, "कायचं डोकं दुखते साहेब! आमचे भाऊजी तर कीर्तनात दोन-दोन तास टाळ कुटतात."

साहेबांनी कागद मिटले.

शेवंता, आवाज सोसत नाही म्हणून माझ्या टाळांना फडकं कोणी बांधून दिलं? त्यानंच. "देवाले ऐकू गेलं म्हणजे झालं, भाऊजी," असंही म्हणाला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून गा असं बोलला?" तर म्हणे, "माहा पेन्शनचा अर्ज फेटाळला, तवा तुमचा कसा पास होऊ देऊ?" मग येताना बसमधून हुडकेश्वरला उतरून गेला. चहाला घरी चल, असं मी म्हटलं नाही.

डोकं ठणकतंय. मागच्या खोलीत पडदे ओढून निजलोय. भाजीला फोडणी देऊ नको, वास सोसत नाही. त्याचा फोन आला तर उचल, भाऊ आहे तुझा.

दिवा लावताना रोज घरच्यांसोबत मी त्याचंही नाव घेतो. आज माझ्या तोंडून ते निघायचं नाही. दिवा तू लाव, अन् देवापाशी तुळशीरामची आठवण तेवढी तूच कर.