माझ्या आवाजाची वाटणी

मी अन्नपूर्णा, वय वर्षे एकाहत्तर, मुक्काम पळसटोला, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, गावच्या शाळेत सातवी पास, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहून देते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे, सुनेचा मागितला नाही. माझ्या नावापुढे मालकाचं नाव लागते, ते शेवटी पाहू.

याच्या आधी माझा पोरगा लोकेशनं फोनले सांगून एक मृत्युपत्र बनवलं. चहा उकळेपर्यंत तयार! त्यात लिहून होतं, "माझ्या लाडक्या सुनेस". तिथंच समजलं का हे माझं नाही. ते रद्द समजावं.

एक. राहतं घर अन् नाल्याजवळची दोन एकर धानाची जमीन लोकेशले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ध्यान ठेवजो, बापू. तुझा काका ईश्वरदास दरसाल वीतभर धुरा आपल्याकडे सरकवते. फोटो काढून फोनले विचारजो. धानाच्या पानाचा रोग त्याले समजते, तं काकाचाही समजन.

दोन. माझा इळा, सूप अन् जातं सून अल्काले. ती म्हणते, आता जातं कोण फिरवते? नको फिरवू. पण फेकू नको. त्याच्यावर बसून फोन पाहत जा.

तीन. साक्षीदाराले काही देता येत नाही म्हणते वकील. म्हणून शेजारीण मंदाबाईले या कागदात काहीच नाही. पाणी भरायची पितळेची गुंडी मी कालच तिच्या घरी पोचवली.

चार. आता मुख्य गोष्ट, माझा आवाज. त्याच्यावरून घरात भांडण आहे, म्हणून खुलासा करते.

नात रुचिका नागपुरात कॉम्प्युटर शिकते. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिले घरी आली, तं अर्धा तास माझ्या गोष्टी फोनमंधी भरून घेतल्या. मंग त्यात काहीतरी लिहिलं, अन् फोन माझ्याच आवाजात बोलला. माझं पूर्ण नाव, मालकाच्या नावासकट!

त्रेपन्न वर्षांत ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात बायांनी नाव घ्यायले दार अडवलं, तं मी मागच्या दारानं घरात शिरली. रेशन, बँक, दवाखाना, कुठंही विचारलं का माझ्यासाठी मंदाबाई नाव सांगे. मालक जाऊन अकरा वर्षं झाली, तरी अजून तीच सांगते. फोन बोलला तशी ती ओरडली,

"व माय! गेली माझी नोकरी!"

मी लाजली, रागावलीही. मंग म्हटलं, "रुचिका, पुन्हा म्हणव त्याले." तीनदा ऐकलं.

"मी जे कधी बोललीच नाही, ते यानं कुठून आणलं व?"

"आजी, बाकीच्या शब्दांतून तुझा आवाज शिकला. आता काहीही म्हणू शकते."

काहीही! खरं सांगते, डोकं गरगरलं. बटणाचा फोन शिकली तं काचेचा आला. काचेचा शिकली तं तो बोलायले लागला. आता माझ्याच तोंडानं बोलून राहिला. थोडा दम तं घ्या ना, बाप्पा! पण धान कापतानाही तेच डोक्यात. त्याले ठसका लागते का? कोणाची मजाक करताना मी हसू दाबते, तसं त्याले जमन का? विचारून विचारून रुचिकाले हैराण केलं.

जायच्या दिवशी तिनं विचारलं, "आजी, तू नसशील तवा हा आवाज ठेवू का मी?"

लोकेश म्हणे, "मिटवून टाक. आई गेल्यावर मले सहन नाही होणार."

अल्का चुलीपाशी पुटपुटली, "मेल्यावरही सासू बोलनच का?" माझे कान शाबूत आहेत.

तं माझा निर्णय असा. आवाज रुचिकाले, तिच्या एकटीच्या मालकीचा. तेरवीच्या पंगतीत वाजवू नये. लोक जेवतील का रडतील? मी जन्मात कोणाले 'धन्यवाद' म्हटलं नाही, त्याच्याकडून म्हणवू नये. लोकेशनं स्वतः मागितल्याशिवाय त्याले ऐकवू नये. अल्काले फक्त सणाले, तेही भाजीत मीठ कमी असलं तं.

अन् मालकाचं नाव. ते यंत्रानं रेशनच्या यादीसारखं म्हटलं, सपाट. त्याले घाई झाली. एवढी वर्षं मी ते सांभाळून ठेवलं, ते असं वाचून टाकायले नाही. म्हणून ते मिटवावं. आज साक्षीदारांपुढे मी स्वतः म्हणते, रुचिकानं भरून घ्यावं, अन् यंत्रानं ते माझ्याकडून शिकावं.

हे सारं मी कोणाच्या दबावाखाली लिहिलं नाही. या घरात दबाव मीच टाकते, गावाले माहीत आहे. दोघा साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नावापाशी आली, तं मंदाबाईनं सवयीनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला अन् म्हटलं,

अन्नपूर्णा शालिकराम कापगते
(सही)

साक्षीदार:
१. मंदाबाई लंजे, शेजारीण (सही)
२. दुर्गाप्रसाद बिसेन, निवृत्त पोस्टमन (सही)

ठिकाण: पळसटोला
दिनांक: ३० नोव्हेंबर २०२५