पित्ताचं कारण

सर, यंदाही प्राचार्यांनी मला तोच प्रश्न विचारला. "सुट्टीत कुठे जाणार आहात का, मॅडम?" तुम्ही गेल्याला किती वर्षं झाली, मधे प्राचार्य बदलले, पण प्रश्न काही बदलला नाही. नव्याने लागलेल्या माणसाला वाटतं, काय आपुलकीने चौकशी करतात! मलाही पहिल्या उन्हाळ्यात तसंच वाटलं आणि मी भाबडेपणाने गोव्याचा बेत सांगून बसले. तुम्ही शेजारी उभं राहून खोकल्याचं नाटक करत हसू दाबलंत आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "अगं वेडे, 'नाही सर, इथंच आहे' म्हणायचं असतं. मग तुझ्या वाट्याला गावं येतात." बारावीचा निकाल लागला की प्राध्यापकांनी गावोगाव हिंडून मुलं गोळा करायची, हे नेमणुकीच्या आदेशात नसतं आणि मीटिंगमध्येही कोणी बोलत नाही. पण मुलं आली नाहीत की विभाग बंद होतो, आणि त्याचं खापर कोणावर फुटतं ते शिपायालासुद्धा ठाऊक असतं.

इतिहास विभागात आता मी एकटीच आहे. स्टाफरूममधल्या बाकीच्यांना मुलांच्या परीक्षा असतात, सासूचं आजारपण असतं, गावची जत्रा असते. माझं लग्न झालं नाही, आई गेली, विश्रामबागेतल्या फ्लॅटला कुलूप मीच लावते आणि परत येऊन मीच काढते. त्यामुळे "मॅडम काय, मोकळ्याच असतात" हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. कडेगावकडची आडबाजूची गावं माझ्याकडे येतात ती त्यामुळेच. यंदा पहिल्या वर्षाला मुलं कमी पडली तर इतिहास गुंडाळायचा, असं संस्थेचे अध्यक्ष म्हणे कुणाच्या तरी लग्नात बोलले. मला तोंडावर कोणी काही सांगितलेलं नाही. आपल्याकडे सांगतच नाहीत, कळून घ्यायचं असतं.

तुमच्याबरोबर हिंडलेले ते उन्हाळे मला फार आठवतात. तुम्ही पुढे, डोक्यावर रुमाल टाकून. मी मागे, चपलेत खडे घेऊन. घरात शिरलात की तुम्ही पाणी मागून घेता. चहाचं नाव निघालं की छातीवर हात ठेवून तोंड वाकडं करता, "पित्त आहे हो फार." आणि मग दाराआड उभ्या असलेल्या मुलीकडे वळून विचारता, "तुला काय शिकायचंय, बाळ?" मला ते पित्त खरंच वाटायचं. एकदा स्टँडवर तुम्ही लागोपाठ दोन कडक चहा मारलेत तेव्हा मी बघतच राहिले. तुम्ही रागावलात, कारण त्याच दुपारी एका घरी मी कपाला हात घातला होता. "चहा घेतला की आपण पाहुणे झालो. पाहुण्याला इकडं नाही म्हणत नाहीत. मग मुलीच्या मनात काय आहे ते तुला कोण सांगणार?" इतकं कडक तुम्ही मला कधीच बोलला नव्हतात. मग कागदात बांधलेली भजी माझ्यापुढे सरकवलीत आणि विषय बदललात.

आज कडेगावच्या पुढे एका घरी गेले होते. वडील फौजेतून रिटायर झालेले, आई अंगणात शेंगा फोडत बसलेली. "आवं मॅडम, लय उनातनं आलाय. च्या घ्या आदी," म्हणत वडिलांनी कप पुढे केला आणि मी तो घेतला. चहा पिऊन होईपर्यंत वडिलांनी शब्द देऊन टाकला, "तुमी घरी आलाय, आमचा च्या घेतलाय. आता पोरगी तुमच्याच कॉलेजात. विषय संपला." मुलगी मला सडकेपर्यंत सोडायला आली आणि तिथे चपलेकडे बघत म्हणाली, "मला साताऱ्याला नर्सिंगला जायाचं हुतं, मॅडम. पप्पांनी व्हय म्हनलं हुतं. आता तुमी आल्यावर त्ये कसं बदलतील?" एस.टी. समोरून येत होती. तुमचा भयंकर राग आला, सर. तुम्हाला पित्त परवडत होतं. तुमचा वर्ग भरलेला होता आणि घरी वाट बघणारं माणूस होतं.

एस.टी. गेली. मी मुलीबरोबर परत फिरले आणि तिच्या वडिलांना सांगितलं, हिला साताऱ्यालाच पाठवा, दिलेला शब्द मी परत करते. त्यांचा आवाज चढला नाही, नुसतं नवल होतं. "मग मॅडम, एवढ्या उनाचं आलात तरी कशाला?" काय सांगणार? म्हटलं, सुट्टी आहे, कुठेतरी जावं. तर शेंगा फोडणाऱ्या त्या माउली खळखळून हसल्या, आणि मीही हसले.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. "काही मिळालं का?" मी नाही म्हटलं. ते "बरं, बघू," म्हणाले आणि ठेवला. त्या 'बघू'चा अर्थ मला समजतो. पुढच्या उन्हाळ्यात मी कुठे जाणार, हे कदाचित कोणी विचारणारही नाही. हे सगळं तुम्हालाच सांगावंसं वाटलं, म्हणून लिहीत बसले. निवृत्तीनंतर तुम्ही राहायला गेलात त्या साताऱ्याच्या घरी आता दुसरेच कोणी राहतात.

एक राहिलं. तुम्हाला वाटेल, ही विसरली. नाही, सर. कप पुढे आला तेव्हा पित्ताचं कारण माझ्या अगदी जिभेवर होतं. पण त्या माउली शेंगांचं सूप बाजूला सारून माझ्याशेजारी बसल्या, पदराने मला वारा घातला आणि म्हणाल्या, "दमलायसा. बसा वाईच निवांत." मला कोणी असं 'बसा' म्हटल्याला किती दिवस झाले होते. मुलीकडे वळून विचारायचंसुद्धा राहून गेलं. आणि दुसरा कप, सर, मी मागून घेतला.